बाई, अळी मारू का?

शाळा उघडायच्या तोंडावर या सदरात पत्रांची गर्दी होते. निम्मी पत्रं ‘कुठून सुरुवात करू’ अशी, उरलेली ‘आता हे कसं निस्तरू’ अशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं आणि दोन्ही प्रकारची पत्रं लिहायची वेळ माझ्यावरही आली होती. फक्त तेव्हा लिहायचं कुणाला ते माहीत नव्हतं.

प्रश्न : माझी शाळा द्विशिक्षकी, पट ४३. मागे तीन गुंठे पडीक जागा आहे. परसबाग करा असं वरून सांगणं आहेच, पण मला त्याला जोडून मुलांचं निसर्ग मंडळही चालवायचं आहे. आमचे गुरुजी म्हणतात, ट्रॅक्टर बोलावून सगळं एकदाच नांगरून घेऊ. किती जागेत काय लावू? – एक शिक्षिका, माण तालुका

गुरुजींना चहा पाजा आणि ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवा.

तीन गुंठे म्हणजे सव्वातीन हजार चौरस फूट. एवढ्या जागेची खुरपणी दोन शिक्षक आणि त्रेचाळीस मुलं करायला लागली, तर पाढे म्हणायचे कधी? पहिल्या वर्षी दहा फूट बाय तीन फुटांचे चार वाफे करा. तीन फूटच का, तर पहिलीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते, आणि मुलांना ‘पाय देऊ नको’ सांगण्यापेक्षा पाय द्यायची गरजच न ठेवणं सोपं.

आता एक हिशेब मुलांकडूनच करून घ्या. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. त्रेचाळीस मुलांची झाली दोन किलो दीडशे ग्रॅम. मेथीचा एक वाफा चांगला साधला तर दोन किलोच्या आसपास देतो. म्हणजे महिनाभर राखलेला वाफा एका दुपारी संपला! आमच्या चौथीतल्या एका मुलानं हे गणित फळ्यावर सोडवलं आणि म्हणाला, “बाई, मग शेतकऱ्याला कसं परवडतं?” तो तास मी गणिताचा पुढे चालवला नाही, गप्पांतच गेला. सांगायचं म्हणजे बागेनं रोजची भाजी पुरवावी ही अपेक्षा सोडा. आठवड्यातून एकदा खिचडीत स्वतःच्या हातचा पाला पडला तरी खूप झालं. शेवग्याची दोन झाडं मात्र लावाच. पाण्याला फार मागत नाहीत, कमी पावसाच्या माणमध्येही तगतात, आणि पाला बाराही महिने.

पीक शाळेच्या सुट्ट्या बघून ठरवायचं. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. हौसेनं बावीस प्रकार लावले, टोमॅटो नेमके दिवाळीच्या सुट्टीत पिकले आणि परत आलो तेव्हा त्यांचं रायतं झालेलं. जूनच्या पावसावर भेंडी आणि गवार टोका, कुंपणाला दोडका-घोसाळी चढवा. सप्टेंबरात घेवडा, तो सुट्टीत फारसं रडवत नाही. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर दिवाळीहून परतल्याच्या आठवड्यात पेरलीत तर नाताळाच्या आधी हाताशी येतात. मार्चनंतर नवीन काही पेरू नका.

मंडळ म्हणजे टोप्या, बिल्ले, शपथ यातलं काही लागत नाही. लागते एक दोनशेपानी वही आणि परिपाठानंतरची पाच मिनिटं. रोज दोघं बागेला फेरी मारतात आणि एक ओळ लिहितात. ‘आज नवीन काय’ एवढाच विषय. माझ्याकडच्या जुन्या वहीत एक नोंद आहे : ‘मुंगळा. काल पण हाच होता.’ हाच कशावरून, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, त्याचा एक पाय नाही.

उरलेल्या जागेचं काय? एक गुंठा पडीकच राहू द्या. टाकळा, आघाडा, रुई जे उगवेल ते उगवू दे. तिथे खुरपं न्यायचं नाही, वही न्यायची. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ‘बघायचं, तोडायचं नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगा. अपवाद फक्त गाजर गवताचा. पन्नासच्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं. फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, आणि ते मोठ्यांनी, हातमोजे घालून. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दमाही उठतो.

तपासणीला येणाऱ्यांना तो पडीक गुंठा खुपणार, हे धरून चला. तिथे एक पाटी लावा : ‘निरीक्षण क्षेत्र’. पाटी असली की कोणी काही बोलत नाही.

प्रश्न : शाळेतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या झाल्या आहेत. पानं फस्त होत आहेत. आहार शिजवणाऱ्या मावशी चिडल्या आहेत. मुलं रोज विचारतात, “बाई, अळी मारू का?” कोणतं औषध फवारावं? – मुख्याध्यापिका, जुन्नर तालुका

मारू नका. ती लिंबावरच्या फुलपाखराची पोरं आहेत. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ते फुलपाखरू तिथे अंडी घालतं. शिटेचं सोंग मुद्दाम घेतलेलं असतं. पक्षी स्वतःची शिट कशाला खाईल? पण अळी मोठी झाली की एवढी मोठी शिट कुणाला पटणार, म्हणून शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीनं हलकेच टोचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा नारिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे एकदाच दाखवा, मग पुन्हा पुन्हा कुणी टोचणार नाही याकडे लक्ष ठेवा.

फवारणीबद्दल माझंच सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच अळ्या पाहून मी गावातल्या एकाला पंप घेऊन बोलावलं. त्यानं कपाशीवरचं औषध मारलं. दुसऱ्या दिवशी अळ्या मेल्या होत्या, ठिपक्यांचे ढालकिडे मेले होते, आणि मुलांनी नाव ठेवलेला एक नाकतोडाही. त्याच झाडाचा पाला खिचडीत जायचा होता. मी मुलांसमोर सगळी पानं छाटून खड्ड्यात पुरली. मुलं काही बोलली नाहीत, आणि त्यांचं गप्प राहणं मला जास्त लागलं. पोषण आहाराच्या बागेत रासायनिक औषध नाही, हा नियम मी तेव्हा केला. आधीच करायला हवा होता.

आता मावशींचं. त्यांचा राग रास्त आहे, फोडणीला चार पानं मागायला त्यांनी कुठे जायचं? म्हणून दोन झाडं हवीत. कढीपत्त्याची पिल्लं मुळाशेजारी फुटलेली असतातच. त्यातलं एक पावसाळ्यात दहा-पंधरा पावलांवर लावा. एका झाडावर पाटी ‘मावशींचं’, दुसऱ्यावर ‘अळ्यांचं’. मावशींच्या झाडावर अळी दिसली की मुलं ती पानासकट उचलून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतात. यात गंमत अशी की पाट्या फुलपाखराला वाचता येत नाहीत, त्यामुळे हे काम संपत नाही आणि मुलांना तेच हवं असतं.

एखादी अळी वर्गात वाढवून बघा. मोठी बरणी, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा, आत एक काडी तिरकी, रोज ताजी पानं, खाली कागद. सोमवारी कागदावरच्या लेंड्या मोजल्या की ती किती खाते ते कळतं. कोशात जायच्या आधी ती काडीला स्वतःला एका धाग्यानं बांधून घेते, कमरेला करगोटा बांधावा तसा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत अधिक. पंख वाळेपर्यंत बाहेर पडलेल्या फुलपाखराला हात लावू द्यायचा नाही. मग बरणी बाहेर नेऊन उघडायची.

एक इशारा. दर वेळी फुलपाखरूच निघेल असं नाही. आमच्या एका कोशाला बारीक भोक पडलं आणि आतून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या, त्यांच्या आईनं आपली अंडी आत घातली होती. एक मुलगा रडला. दुसऱ्यानं विचारलं, “बाई, आपण कुणाच्या बाजूनं?” मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, वहीत लिही. तेव्हा माझं सगळ्याच अवघड प्रश्नांना तेच उत्तर असे.

तुमचा तालुका पश्चिमेकडे पावसाचा आहे. लिंबू किंवा पपनसाचं झाड असेल तर त्यावर काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं भलंमोठं ब्लू मॉर्मनही अंडी घालायला येईल. त्याला राणी पाकोळी म्हणतात. २०१५ साली महाराष्ट्रानं ते राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. शेकरू आणि हरियल यांची नावं मुलांना पाठ असतात, पण शेकरू बघायला जंगलात जावं लागतं. हे शाळेच्या अंगणात येऊ शकतं.

भाजीच्या वाफ्यावर मावा फारच झाला तर निंबोळीच्या गराची भुकटी ५० ग्रॅम रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, एकूण पाणी एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. ‘अळ्यांच्या’ झाडाकडे मात्र पंप न्यायचा नाही. आणि ढालकिडे आलेले दिसले तर चार दिवस थांबा. मावा हेच त्यांचं जेवण.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गडग्याजवळ मुलांना साप दिसला. पालक म्हणतात, झाडी तोडा, मंडळ बंद करा. काय सांगू? – एक उपशिक्षक, रत्नागिरी जिल्हा

पालकांना आधी ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणा. तुमच्याकडे फुरसं आहे, भीती खोटी नाही. पण साप झाडीसाठी येत नाही, उंदरांसाठी येतो, आणि उंदीर येतात तुमच्या तांदळाच्या पोत्यांसाठी. माझ्या एका शाळेत साप दोनदा निघाला, दोन्ही वेळा बागेत नव्हे, धान्याच्या खोलीत. पोती गेली, झाकणाच्या कोठ्या आल्या, मोडक्या बाकांचा ढीग हलला, आणि मग तिथे पुन्हा निघाला नाही. तुम्हीही तिथूनच सुरू करा. खरकटं रोजच्या रोज खड्ड्यात जाऊ दे. वर्ग, स्वच्छतागृह आणि नळ यांच्या वाटा दोन्ही बाजूंनी चार-चार फूट साफ ठेवा. मोकळं सोडलेलं रान त्याच्या पलीकडे.

जांभ्याच्या गडग्याच्या फटीत कुणीही हात घालायचा नाही. खुरपायला बसण्याआधी काठीनं जागा आपटून घ्यायची. आमच्याकडे घोषणाच होती : आधी काठी, मग हात. पायात बूट नसतील त्या दिवशी बागेऐवजी वही.

साप ओळखायच्या भानगडीत मुलांना पाडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी म्हणून तक्त्यावर शिकवा जरूर, पण बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात मोठी माणसंही फसतात. मुलांसाठी नियम एकच : दिसला की थांबायचं, मागे सरायचं, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. मारायचा नाही, पकडायचाही नाही. गावातल्या कुठल्याही हौशी पोराला ‘धर रे’ म्हणू नका.

आणि चावलाच तर : मुलाला धीर द्या, चालवू नका, हातातलं कडं-दोरा काढा, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी बांधा म्हणजे तो अवयव हलणार नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना. आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. हे पालकसभेत करूनच दाखवा. आमच्या सभेत एक आजोबा उठून म्हणाले, ‘आम्ही आजवर उलटंच करत आलो.’ त्या सभेनंतर मंडळ बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

प्रश्न : शेळ्यांनी एका दुपारी पूर्ण बाग खाल्ली. शाळेला कुंपण नाही, निधी नाही. शिवाय मे महिन्यात पाणी कोण घालणार? – एक शिक्षक, जत तालुका

आडुळसा आणि निर्गुंडीच्या काड्या पावसाळ्यात फूटफुटावर खोचा. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. त्या वाढेपर्यंत बाभळीच्या फांद्या आडव्या टाका.

पण त्याहून महत्त्वाचं, शेळ्या कुणाच्या ते शोधा. त्या घरचं एखादं मूल तुमच्याच शाळेत असणार. त्याला मंडळाचा प्रमुख करा. मी केलं होतं. शेळ्या यायच्या थांबल्या आणि वर लेंडीखताची दोन पोती आली.

मे महिन्यासाठी भाजी ठेवूच नका. झाडं तेवढी जगवा. भोक पाडून त्यात सुतळीची वात घातलेलं मडकं आळ्यात पुरा, वर झाकण, भोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. आठवड्यातून दोनदा मडकं भरायला शाळेजवळ राहणारी दोन मुलं पुरतात. त्यांना जूनमध्ये सगळ्यांसमोर एकेक लिंबू द्या, त्याच झाडाचं.

प्रश्न : सोसायटीलगतची आमची शाळा. पावसात मुठीएवढ्या गोगलगायी निघतात, एका रात्रीत रोपं गायब! मीठ टाकावं का? – एक पालक, ठाणे

ही शंखी गोगलगाय, मूळची आफ्रिकेतली. इथे मी ‘मारू नका’ म्हणणार नाही. अळ्यांबद्दल एवढं लिहून हे वाचताना तुम्हाला विसंगती वाटेल. वाटू दे.

तिच्या अंगात माणसाच्या मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो, म्हणून मुलांनी हात लावायचा नाही. मोठ्यांनी हातमोजे घालून संध्याकाळी ओली गोणपाटं वाफ्याशेजारी पसरायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करून दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि मेल्यावर खोल पुरायच्या. मीठ थेट जमिनीवर नको, माती नासते. दुकानात गोगलगायींच्या विषाच्या गोळ्या मिळतात, त्या शाळेच्या आवारात आणूच नका. कुत्री खातात, लहान मुलंही तोंडात घालू शकतात. मुलांना काम द्यायचं तर रोजचा आकडा फळ्यावर लिहायचं द्या.

प्रश्न : मुलानं पोपटाचं पिल्लू आणलंय, वर्गात पाळू का? – एक शिक्षिका, वाशीम

नाही. कायद्यानंही नाही. ढोलीत परत ठेवता येत असेल तर आजच ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते ही समजूत चुकीची आहे. ढोली सापडत नसेल किंवा पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवा. मुलाला ओरडू नका, त्यानं ते तुमच्याकडेच आणलं ना?

प्रश्न : बाई, आम्ही चिमण्यांसाठी पुठ्ठ्याचं घर करून झाडाला टांगलं. दोन महिने झाले, एकही चिमणी राहायला आली नाही. आमचं काय चुकलं? – इयत्ता चौथीतली एक मुलगी, सातारा जिल्हा

बाळ, तुझं अक्षर छान आहे आणि प्रश्न त्याहून छान.

पुठ्ठा पावसात मऊ पडतो, आणि टांगलेलं घर वाऱ्यानं हलतं. हलणाऱ्या घरात तू राहशील का? लाकडाची पेटी करून घे. भोक दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं ठेव. जास्त मोठं केलंस तर साळुंकी घुसेल. पेटी झाडाला नको, भिंतीला, पत्र्याच्या किंवा कौलांच्या वळचणीखाली, तुझ्या सरांच्या डोक्याच्याही बरीच वर, मांजर पोचणार नाही आणि दुपारचं ऊन पडणार नाही अशी ठोक. आत गवत भरू नकोस, ते काम चिमणीचं. शेजारी पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटं पाणी ठेव आणि रोज बदल, नाहीतर डास होतील. मग वाट बघ. कधीकधी वर्ष जातं.

अजून एक गोष्ट सांगते, ती तुला कदाचित आवडणार नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना भरवायला तिला अळ्या आणि किडे लागतात. तुमच्या बागेत अळ्या राहू दिल्यात तर चिमणी येण्याची शक्यता वाढेल, आणि आली की त्यातल्याच अळ्या घेऊन जाईल. रागावू नकोस. ती पेटीत शिरताना चोचीत काय होतं, ते लांबून बघून वहीत लिही : तारीख, वेळ, अळी हिरवी होती की शिटेसारखी.

आणि ते मला कळव. पाकिटावर पिनकोड लिही, तुझं पत्र अकरा दिवस फिरत होतं.